मुहूर्ताचे ठिपके

साताऱ्यात मी ज्या कारखान्यात काम करते तिथं गाड्यांचे सुटे भाग बनतात. दर तासाला काही नग उचलायचे, मापं घ्यायची, आलेखावर ठिपके मांडायचे, आणि ठिपके एकाच बाजूला सरकायला लागले की यंत्र थांबवायला सांगायचं, हे माझं काम. यंत्राचा आवाज बदलण्याआधी आलेख बदलतो हे मी कित्येक वेळा पाहिलं आहे. त्यामुळे आमच्या कॉलनीजवळ शेअर बाजाराचे आलेख शिकवणारा वर्ग निघाला तेव्हा मी फी भरून नाव घातलं. वर्गात बहुतेक जण लवकर श्रीमंत व्हायला आले होते आणि दोन महिन्यांत पांगले. मी शेवटपर्यंत बसले. तिथल्या सरांचं एक म्हणणं मला पटलं. भाव उद्या कुठं जाईल हे कुणालाच ठाऊक नसतं, पण तो आपल्या विरुद्ध गेला तर कुठं बाहेर पडायचं हे आजच ठरवता येतं.

शेअर मी थोडेच घेतले. मला हे हवं होतं ते हळदीसाठी.

माझं माहेर इस्लामपूरजवळ. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर माझं आणि दादाचं, अशी दोन नावं लागली. आमच्या भागातली रीत अशी की बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, भावानं साडीचोळी करायची आणि दोघांनी पेढा खायचा. मी सही केली नाही. भांडलेही नाही. खर्च निम्मा देईन, हळद निम्मी घेईन, एवढंच सांगितलं आणि तसं वागले. दादा फौजेतून निवृत्त होऊन शेती बघतो. मनानं चांगला आहे, पण बहिणीचं नाव उताऱ्यावर असणं त्याला चपलेतल्या खड्यासारखं टोचायचं. हळद विकायचा मात्र तोच. सांगलीतले अडतशेठ सांगतील त्या दिवशी आणि म्हणतील त्या भावाला.

एका दिवाळीला मी म्हटलं, "दादा, या वर्षी माझी पोती मी विकणार."

"इक की. कुणी धरलंय?" तो म्हणाला. "पर तुझा हात पोळला, माझ्यापरास कमी पैसं आलं, तर मग मुकाट्यानं सही करायची. भावकीला बी कळू दे, शेती कुणाला कळती ते."

वहिनी आतून ओरडली, "आवं, बहीण हाय का गिऱ्हाईक?"

"सहीचं मी कबूल करत नाही," मी म्हणाले. "पोती मात्र मीच विकणार."

मी कबूल केलं नव्हतं, तरी दादानं ते चार घरी सांगून ठेवलं. म्हणजे त्या हंगामात माझी निम्मी हळद आणि शेतातला माझा शब्द, दोन्ही एकदमच तराजूत पडलं.

मी कामाला लागले. ग्रंथालयात बसून जुन्या वर्तमानपत्रांतले बाजारभाव उतरवले. दर आठवड्याचा सांगलीचा सगळ्यात वरचा भाव घ्यायचा आणि आलेखावर ठिपका द्यायचा. आठ हंगामांचे ठिपके झाल्यावर प्रत्येक वर्षीचं सगळ्यात उंच टोक जोडलं. रेघ सुरेख चढती आली. इतकी सरळ रेघ मी कारखान्यातही क्वचितच पाहिली होती. दर हंगामाच्या सुरुवातीला भाव त्या रेघेला शिवायचा, मग खाली यायचा. मी अनुमान काढलं की बाजाराची ताकद मोठी आहे, तो पुन्हा वर जायला धडपडतो आहे, तेव्हा घाई न करता थांबावं.

दादाला आलेख दाखवला. त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला.

"आमी फौजेत नकाशं लय वाचलं. पर नकाशा वाचून डोंगूर जागचा हालत न्हाई, तायडे."

"डोंगर हलवायचा नाहीये. वाट बघायची आहे."

"आन् ह्या रेघंत हळद शिजती का गं? न्हाई म्हंजी, सरपान तरी वाचंल."

नव्या हळदीचे सौदे निघणार होते त्या दिवशी मी रजा टाकून सांगलीला गेले. इतकी वर्षं भाव कागदावरच पाहिले होते, ते तोंडातून निघताना पाहायचे होते. दादाही सोबत आला. मार्केट यार्डात शेठच्या दुकानापुढे पोती ओतून ढीग केले होते. पहिल्या ढिगाची पूजा झाली, नारळ फुटला, ज्याची हळद होती त्या शेतकऱ्याला फेटा बांधला. मग बोली सुरू झाली. खरेदीदारांत हसणं-खिदळणं चाललं होतं. कुणीतरी विचारलं, "गेल्या साली कितीला निघाली होती?" आकडा सांगितला गेला. लगेच दुसऱ्यानं त्याच्यावर हजार रुपये चढवले. क्विंटलला एकवीस हजारांवर सौदा ठरला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

दुसरा ढीग त्याला चिकटूनच होता. साडेचौदा हजार.

मी वाकून दोन्ही ढिगांतली हळकुंडं उचलली, मोडून पाहिली. रंग तोच, वास तोच. शेठ बाजूलाच उभे होते.

"शेठ, माल सारखा दिसतो. मग भाव इतका खाली कसा?"

"ताई, पहिला मुहूर्ताचा." ते हसले. "तो मानाचा आकडा. गेल्या सालापेक्षा कमी बोलून वर्षाची सुरुवात कोण करेल? थोडा वरच बोलायचा."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. पाडून बोलला तर बाकीचे त्याला चहा पाजणार नाहीत."

मी दादाकडे वळले. "तुला हे माहीत होतं?"

"आगं, शेंबड्या पोराला ठावं हाय. मुहूर्ताचा भाव कोण खरा धरतंय? तू कवा इचारलंस?"

खरंच, मी विचारलं नव्हतं. वर्तमानपत्रात आकडा छापलेला होता, मी तो घेतला. माझी सुरेख चढती रेघ बाजारानं काढलीच नव्हती. ती पेढे वाटणाऱ्या, फेटे बांधणाऱ्या माणसांच्या सभ्यतेनं काढली होती. दर वर्षी एक ढीग, आणि त्यावर मागच्यापेक्षा थोडा वरचा मान. अशी रेघ चढणारच. तिचा हळदीच्या मागणीशी काही संबंध नव्हता.

परतीच्या वाटेवर दादा गाडी चालवताना गाणं गुणगुणत होता. मी मनात आठ ठिपके पुसत होते.

साताऱ्याला येऊन आलेख पहिल्यापासून मांडला. मुहूर्ताचा दिवस सगळ्या वर्षांतून काढून टाकला. उरलेल्या ठिपक्यांत चढती रेघ नव्हतीच. गेले दोन हंगाम भाव दर वेळी उसळून मागच्या उसळीच्या खालीच अडकला होता. तळ मात्र तेरा हजारांच्या आसपास धरून होता. म्हणजे थांबायला माझ्याकडे कारण उरलं नाही, फक्त तेरा हजारांची पायरी उरली. मी नियम लिहिला आणि त्याचा फोटो दादाला पाठवला. आठवड्याचा भाव तेराच्या खाली बंद झाला, की पुढच्या सौद्याला माझी सगळी पोती विकायची. मग कोणी काहीही म्हणो.

दादाचा फोन आला. "परवा थांबायचं म्हनत हुतीस. आता इकायचं म्हनतीस. तुझी रेघ का सासूचं डोस्कं?"

"ठिपके चुकीचे होते. दुरुस्त केले."

"आन् ह्ये बी चुकलं तर?"

"तर कुठं चुकलं ते सापडेल. नियम लिहिलाय."

हळद शिजून, वाळून, पॉलिश होऊन सांगलीला गेली, आणि मार्चमध्ये भाव तेराच्या खाली बंद झाला. मी पहाटेच्या एसटीनं निघाले. शेठनी आठ दिवस थांबा म्हणून सांगितलं. दादानं फोनवर तेच सांगितलं, जरा मोठ्या आवाजात. यार्डात त्या दिवशी विकायला कुणी उत्सुक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझाही पाय अडखळला. सगळे थांबा म्हणत असताना एकटीनं विकणं, तेही दोन वर्षांतल्या सगळ्यात पडक्या भावाला. पण नियम मी शांत डोक्यानं लिहिला होता, आणि यार्डात माझं डोकं शांत नव्हतं. मी म्हणाले, "शेठ, काढा सौदा." पावणेतेरा हजार मिळाले.

भाव त्यानंतर तीन आठवडे पडत राहिला. दादाचे फोन बंद झाले. मग एप्रिलच्या शेवटी एकाएकी उसळला, आणि दादाची हळद तेरा हजार चारशेला गेली.

लागणीच्या तोंडावर मी गावी गेले तेव्हा ओट्यावर स्टॅम्पपेपर तयार होता. त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला होता, उडू नये म्हणून.

"क्विंटलमागं साडेसहाशे जास्त," दादा म्हणाला. "लपवायचं काय न्हाई."

"लपवत नाही. या वर्षी तुला जास्त मिळाले. चांगलं झालं."

"मग कर सही."

"नाही."

"आता गं? हारलीस की!"

"साडेसहाशेनं हरले. पण मला एक सांग, त्याच दिवशी का विकलीस?"

"शेठ म्हनला इक."

"आणि ते थांब म्हणाले असते तर?"

"थांबलो असतो."

"किती पडेपर्यंत?"

दादानं कागदावरचा तांब्या उगाच सरकवला. मग म्हणाला, "पडला न्हाई न्हवं पर?"

"नाही पडला. पुढच्या वर्षी पडेल किंवा चढेल, मला माहीत नाही. माझ्या आलेखालाही माहीत नाही. मी फक्त आधी ठरवते आणि ठरवलेलं करते. एका हंगामावरून जमीन सोडायची असेल तर एका पावसावरून शेतीच सोडायला हवी."

वहिनी चहा घेऊन आली होती. तिनं तांब्या उचलला, कागद उचलला आणि दादाच्या हातात दिला. "ह्यो आत ठिवा. चहा सांडंल." दादानं कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि "हट्टी हायस" म्हणत आत गेला.

चहा पिऊन मी पदर खोचला. अंगणात बेण्याचा ढीग होता. त्यातला निम्मा वेगळा केला आणि सडके गड्डे निवडून बाजूला टाकायला बसले.