आईने अर्धा लाडू ठेवला

आज न कळवता मुलुंडच्या वृद्धाश्रमात जाऊन धडकले. आईची हेळसांड होतच असणार, भांडायचं ठरवूनच गेले होते.

चादर पाहिली, पाठ पाहिली, नखंसुद्धा. सगळं झकास! घरी मला नखांना हात लावू द्यायची नाही यार. "सुनंदा कापता," आई म्हणाली. सुनंदा म्हणजे तिला सांभाळणारी बाई.

मी केलेला लाडू आईने अर्धाच खाल्ला, उरलेला रुमालात गुंडाळला. लहानपणी लग्नाबारशाला गेली की माझ्यासाठी असाच आणायची. मी हात पुढे केला.

"तुका नाय गो. सुनंदाक ठेवलंय."

जळले ना मी! तक्रारीला जागाच नाही. खरं सांगा, आश्रम चांगला निघाला म्हणून कुणाला रडू आलंय का?