रुळांवरचं पार्किंग

आमच्या गल्लीमागची छोटी रेल्वे कधीच बंद पडली. ग्वाल्हेर वाढलं, घरोघरी कार आल्या आणि त्या लावायला जागा उरली ती जुन्या रुळांवरचीच. पण शेजारचे काका तिथे कुणाला टिकू देतील तर शपथ! आयुष्यभर बँकेत होते, रेल्वेशी संबंध शून्य.

"हटवा गाडी. रेल्वे वळणावरून एकदम येते."

"अहो काका, ती आता येणार नाही!"

"भरोसा काय?"

परवा वैतागून मी मुद्दाम तिथेच कार लावली. काका चक्क आत निघून गेले. सकाळी बघतो तर कारच्या मागेपुढे काठ्या रोवून लाल फडकी बांधलेली.

चरफडत मी कार काढली. त्याआधी मात्र एकदा वळणाकडे बघून घेतलं.