रेघ शेवटी

गेली सहा वर्षं मी महाडच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर गणित शिकवत होते. त्या सकाळी कायम पदाची मुलाखत होती. जागा एकच, आणि पुन्हा निघायची शक्यता नव्हती. समितीसमोर पंधरा मिनिटांत पाठ घ्यायचा होता: संमिश्र संख्यांच्या मॅट्रिक्सचे, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या संख्यांच्या चौकटीचे, दोन अवयव पाडणं. एकाचे स्तंभ परस्परांशी काटकोनात आणि प्रत्येकाची लांबी एक, दुसऱ्यात कर्णाखाली सगळी शून्यं. दोघांचा गुणाकार केला की मूळ मॅट्रिक्स परत मिळायला हवं.

बाबा कुडपणहून पहिल्या एसटीने येऊन बाहेर बाकावर बसले होते. तिथल्या शाळेत तेच माझे गुरुजी. आधी सगळी अक्षरं लिहायची, मग त्यांच्यावर एकच रेघ, ही त्यांची शिस्त. रेघ वाकडी गेली की कान पिळला जायचा. ती सवय माझ्या गणितातही शिरली. आय म्हणजे जिचा वर्ग वजा एक ती संख्या. तिच्या डोक्यावर आडवी रेघ दिली की ती वजा आय होते. मी आधी ओळ पुरी करते, रेघा शेवटी मारते.

फळ्यावर पहिला स्तंभ मांडला: वर एक, खाली आय. लांबीसाठी प्रत्येक पदाला त्याच्याच रेघवाल्या जोडीदाराने गुणायचं, बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. ओळ लिहून होतेय तोच बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या मुलांना हे कशाला हवं? मी उत्तर दिलं, बरं दिलं, आणि वळून तशीच पुढे गेले. एक गुणिले एक, एक. आय गुणिले आय, वजा एक. बेरीज शून्य.

स्तंभ समोर धडधडीत उभा आणि त्याची लांबी शून्य. लांबी एक करायची तर आता त्या शून्यानेच भागायचं होतं. समितीतल्या एकाने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. स्वतःचा इतका राग आला की डस्टर उचललं. मग वाटलं, शून्य पुसलं तर चूकही पुसली जाईल. ओळ पहिल्यापासून वाचली. अक्षरं सगळी जागेवर होती, वर रेघ नव्हती.

रेघ मारली, आय गुणिले वजा आय एक झालं, बेरीज दोन आली. दोन्ही अवयव निघाले, पण त्यांचा गुणाकार करून दाखवायला वेळ उरला नाही.

बाहेर येऊन बाबांवरच उखडले. तुमच्या त्या शेवटच्या रेघेपायी माझी नोकरी जाणार, म्हटलं.

"मारलीस का नाय गो?" त्यांनी विचारलं.

"मारली. उशिरा."

दुपारी यादी लागली. माझं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं होतं. बाबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"मीच चुकीचा शिकवला तुला," ते म्हणाले.

नाही बाबा, तुमच्यामुळेच मला राहिलेली रेघ दिसली, असं म्हणायला हवं होतं. ते मला त्यांची एसटी सुटल्यावर सुचलं.