जर्मनच्या झाकणावरची वंदना

बाबा गेल्यावर सहाव्या दिवशी मी घरातल्या सगळ्यात मोठ्या गंजाचं, म्हणजे भाताच्या पातेल्याचं, झाकण पळवलं.

हेतू उदात्त होता! दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या आमच्या घरी बाबांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे त्यांच्या नावाने बुद्धवंदना म्हणायचा, कार्यक्रम, आणि आईला जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. "तुह्या बाबासाठीची वंदना मले ऐकू आली पाह्यजे," एवढंच ती म्हणाली.

मी घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता. आवाज दणदणीत, पण त्यातले दोन ट्रान्झिस्टर असे तापत की बोटाला फोड! रेडिओ दुरुस्तीवाल्याने उपाय सांगितला, "जाड जर्मनच्या पत्र्यावर बसव. पत्रा गर्मी ओढून घेते." जर्मन म्हणजे आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियम, आणि घरात तेवढं जाड ते झाकणच होतं. मधे ठेवायला त्याने अभ्रकाच्या दोन पातळ चकत्याही दिल्या.

गर्मी पत्र्यात जायची, तर मधे हा पडदा कशाला? मी चकत्या फेकल्या! (अभ्रक वीज पत्र्यात उतरू नये म्हणून असतं, हे मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे, सांगितलं असेल; मी सायकलवर बसून निघालो होतो.)

कार्यक्रमाच्या सकाळी अमरावतीची आत्या चुलीपासून ओरडली, "भाताच्या गंजाचं झाकण कुठी गेलं?"

"ते वंदनेच्या कामात आहे, आत्या."

"अन् लोकायले कच्चा भात वाढू काय?"

अंगणात ऐंशी माणसं. आई माझ्या मशीनला जोडलेल्या भोंग्यासमोर. भंतेजींनी माईक धरला, मी बटण दाबलं. भोंग्याने म्हशीसारखा एकच हंबरडा फोडला, झाकणावरून धूर निघाला, आणि सगळं चिडीचूप!

दादाने ते धुमसतं झाकण अ‍ॅम्प्लिफायरसकट बाहेर नालीत फेकलं. "बाबाले आज तरी चैन पडू देशील का नाही?"

आई मेलेल्या भोंग्याकडे टक लावून बसलेली. "सुरू झालं काय रे?"



भंतेजी उठले, तिच्या पुढ्यात येऊन बसले आणि बेंबीच्या देठापासून म्हणू लागले. मागून ऐंशी गळे! आत्या हातातल्या पळीसकट! पलीकडच्या गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.

आईने डोळे मिटले. तिचे ओठ हलू लागले, शब्दाला शब्द. संपल्यावर तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"आला बाप्पा आवाज. लय मस्त मशीन बनवली तू!"

ऐंशी माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मशीन नालीत अजून चुरचुरत होती. मी नम्रपणे मान झुकवून म्हणालो, "अजून वाढवता आला असता, आई!"