चौथं विमान
सांबऱ्याच्या विमानतळावर नातीला सोडायला गेलो, विमानाच्या इंधनाचा वास नाकात शिरला आणि युद्धातला आमच्या स्क्वाड्रनचा तळ आठवला. त्या दुपारी हल्ल्याला चार विमानं गेली होती, परतली तीनच. चौथ्याचं इंजिन मी तपासलं होतं. आमच्यातले जुने मेकॅनिक, निपाणीचे अण्णा, हळूच म्हणाले, “सगळे नट आवळलेस न्हवं रं?” “व्हय अण्णा,” म्हणालो खरा, पण शेवटचा नट आवळल्याचं काही केल्या आठवेना. तेवढ्यात ते विमान धूर सोडत, हेलकावे खात कसंबसं उतरलं. इंजिनाजवळ गोळ्यांची भोकं होती. म्हणजे चूक माझी नव्हती! मला केवढं हायसं वाटलं, आणि मगच पायलटचा रक्तानं भिजलेला खांदा दिसला. ते वाचले, पण माझी लाज पंचाहत्तरीतही गेलेली नाही.