गादीखालचा भुसा

कोंबड्यांचं खुराडं मी हौसेनं नाही बांधलं. सासूला कामाला लावायला बांधलं. सासू कोळीण, सगळा जन्म किनाऱ्यावरच्या गावात गेलेला. सासरे वारल्यावर ती एकटी पडली म्हणून बायकोनं तिला आमच्या बोईसरजवळच्या सरावलीच्या घरी आणलं. मी सांगलीकडचा, तारापूरच्या कारखान्यात ऑपरेटर. म्हातारी आल्या दिवशीच म्हणाली, "जावय, मी फुकट बसून खानार नाय. कोंबड्या आना, मी पालते." कोंबड्या जगल्या तरच तिला या घरात मानानं राहता येईल, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

आखणी म्हटली की मला चेव येतो. नकाशा काढला. विटांचा चौथरा, गुडघ्याएवढी भिंत, वर जाळी, दार पूर्वेला, म्हणजे पावसाचा मारा आत यायला नको. आत जमिनीवर तुसाची नाहीतर भुशाची वीतभर जाड गादी. ही गादी रोज झाडून काढायची नसते. विष्ठा तिच्यातच पडते, आपण ती खालीवर करत राहायची, वर नवा थर टाकायचा. मूठभर घेऊन दाबायची. गोळा झाला तर ओल जास्त. हे सगळं मी म्हातारीला मास्तराच्या थाटात शिकवलं.

"भातगिरनीतून तूस आना," ती म्हणाली. मी हसलो. कारखान्यात लाकडाचा भुसा फुकट मिळत असताना गिरणीच्या दारात कोण उभं राहणार? आमच्याकडे पिंप गळलं की फरशीवर भुसा टाकतात, तो सांडलेलं रसायन शोषून घेतो. त्यासाठी शेडमागे पोत्यांची थप्पी असते. साहेबांना विचारून सहा पोती टेम्पोत टाकली.

अंथरताना म्हातारीनं मूठभर भुसा नाकाशी नेला. "याला वास हाय, जावय."

"बोईसरात कशाला वास नाही, आई?" मी म्हणालो. बायकोही हसली. आमची नाकं इथं केव्हाच मेली होती. तिचं अजून जिवंत होतं.

वीस तलंगा, अंड्यावर यायच्या बेतातल्या कोवळ्या कोंबड्या, आणल्या. म्हातारी दिवसभर त्यांच्यातच असायची. दाण्यात थोडा सुकटीचा चुरा मिसळायची, गादी हातानं उकरायची. हाताला खाज सुटते म्हणाली, तर मी म्हणालो, काम करायची सवय गेली तुमची. तिसऱ्या आठवड्यात तलंगा माना टाकायला लागल्या. चार दिवसांत सगळा खेळ आटोपला.

मी शेजाऱ्यांसमोर तिला फाडून खाल्लं. "खारट सुकट चारून मारल्यात तुम्ही! जन्मभर मासळी विकलीत, कोंबडीतलं काय कळतं तुम्हाला?" शेवटची मेलेली तलंग तिच्या हातात होती. "माज्या हातानं?" एवढंच ती बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं बांधून गावच्या एसटीत बसली. बायको रडली. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

पुढच्या सुट्टीला खुराडं रिकामं करायला घेतलं. वरचा थर ओढला, तर खालचा भुसा ओल लागून पिवळा झालेला. डोळे चुरचुरले. तो पिवळा रंग मी ओळखला, माझ्या गणवेशावर त्याचेच डाग आहेत. फरशीवरचा वापरलेला भुसा आम्ही गोळा करून वाळवतो, वाळला की तो कोऱ्यासारखाच दिसतो, आणि कचऱ्याची गाडी येईपर्यंत कोऱ्या पोत्यांशेजारीच ठेवतो. पोती मीच भरतो, मीच रचतो. आणि मीच चुकीची उचलली होती.

तो भुसा पुन्हा पोत्यांत भरला आणि कारखान्यात जिथल्या तिथे नेऊन ठेवला. कुणाला काही बोललो नाही, बायकोलासुद्धा नाही.

नारळी पौर्णिमेला आम्ही सासूच्या गावी गेलो. ती ओट्यावर बसली होती. मला पाहून उठली, पदर सावरला आणि हात जोडले. हातांवरचं कातडं अजून सोललेलं होतं.

"जावय, माज्या हातून पाप झाला. मना माफ करा."

बायको माझ्याकडे बघत होती. सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती.

"जाऊ द्या, आई," मी म्हणालो. "मी केव्हाच माफ केलंय."