चीजचे उरलेले तुकडे आणि मास्तरांची पँट

ऑफिसच्या कँटीनमध्ये काकू सँडविचच्या काउंटरवर उभ्या राहतात, त्याला आता अकरा वर्षं झाली. चीजची लांबलचक वीट कापायच्या यंत्रात घातली की पातळ काप पडत राहतात आणि शेवटी बोटभर तुकडा उरतो. तो यंत्राला धरवत नाही. धरायला गेलं तर आपलीच बोटं जायची. पूर्वी हे तुकडे सरळ कचऱ्यात जायचे. काकूंच्या जिवाला ते सोसेना. "अन्न आहे ते, माती नाही," असं त्यांनी मॅनेजरला तोंडावर सुनावलं. मॅनेजर म्हणाला, "न्या बाई घरी, पण माझं डोकं खाऊ नका." तेव्हापासून काकूंच्या पिशवीत रोज एक डबा चीजचा.

त्या डब्याचं पुढे काय होतं, ते काकूंच्याच तोंडून ऐकावं. कडक पडलेली कड दुधात भिजत घालायची, तासाभरात नरमते. मऊ तुकडा आधी बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा आणि मग किसायचा, म्हणजे किसणीवर लगदा होऊन बसत नाही. खारट असेल तो सुपात, वरून मीठ न घालता. उरलासुरला चुरा अंड्यात. भांडी घासणारी मैत्रीण म्हणायची, "काकू, एक दिवस तुम्ही चहातसुद्धा चीज घालाल." "घातलं असतं गं, पण फुटतं ना," काकू म्हणायच्या. म्हणजे बाईंनी करून पाहिलं होतं की काय, देव जाणे.

पण यंदा त्यातली गंमत गेली. काकूंचे यजमान, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, चाळीस वर्षं शिलाईयंत्रावर बसलेला माणूस, पोटाच्या दुखण्याने घरी बसला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. ऑपरेशनशिवाय इलाज नाही, पण या अंगाला ते झेपणार नाही. दोन महिन्यांत चार किलो वाढवून आणा, मग बघू. "खायला काय घालू?" काकूंनी विचारलं. "दूध, अंडी, चीज. पचेल ते." चीज म्हटल्यावर काकूंना वाटलं, घ्या, परीक्षेचा पेपर आपल्याला आधीच फुटलाय.

मग काय विचारता. बटाट्याच्या लगद्यात चीज, मॅकरोनीवर चीज, पावावर चीज, सुपात कुणाला पत्ता लागणार नाही असं विरघळलेलं चीज. मास्तर निमूट खायचे. "अगं, मी माणूस आहे की उंदीर?" एवढंच एकदा म्हणाले, आणि ताट चाटूनपुसून साफ केलं.

वजनकाटा आणावा असं काकूंच्या मनात होतं. मास्तरांनी मोडता घातला. "काटा खोटं बोलतो. तांब्याभर पाणी प्यालं तरी वाढतो. कापड कधी खोटं बोलत नाही. पँट सैल झाली तर समज, वाळलो." शिंप्याचं बोलणं, काकूंना पटलं. रोज कामावरून आल्या की त्या मास्तरांच्या कमरेपाशी बोट घालून बघायच्या. एक बोट जायचं, दुसरं जायचं नाही. महिना झाला, दीड महिना झाला, पँट होती तिथेच. वाढ नसेल, पण घट तर थांबली, या आशेवर बाई दुसऱ्या दिवशीचा डबा भरायच्या. गाल बसलेले दिसत होते की. पण डोळ्यांपेक्षा त्यांनी बोटावर विश्वास ठेवला. आपण कुणीही तेच केलं असतं.

तपासणीला आठ दिवस उरले. मास्तर आपल्या पँटी स्वतःच धुवायचे, कापडाला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. त्या आठवड्यात मात्र त्यांच्याने पिळणं होईना. दुपारी ते झोपलेत असं पाहून काकूंनी दोन्ही पँटी धुवायला घेतल्या, खिसे बघायला उलट्या केल्या आणि त्यांचा हात थांबला. मागच्या शिवणीत कापड दुमडून आत घेतलेलं होतं. एक टीप, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. पहिली यंत्राची, सरळ. दुसरी हातशिलाई, बारीक आणि देखणी. तिसरी वाकडी, टाके कुठे लहान कुठे मोठे, आणि कमरेच्या पांढऱ्या पट्टीवर सुई टोचल्याचा लाल ठिपका. दुसऱ्या पँटची तीच कथा. काकूंनी मोजलं. चार बोटं कापड आत गेलं होतं. चार बोटं माणूस गेला होता, आणि त्या रोज एक बोट घालून समाधान मानत होत्या.

त्यांना राग आला, उठवून जाब विचारावा इतका. पण विचारणार काय? माणसाने पानात एक कण टाकला नव्हता. सगळं त्यांच्यासमोर खाल्लं होतं. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, यात कुणाला धरायचं? दोन महिने किसणी झिजवली ती पालथ्या घड्यावर पाणी. आता आठ दिवसांत चीजच्या दुकानाचं दुकान घरात रिकामं केलं तरी काही होणार नव्हतं. हे कळलं तेव्हा काकू रडल्या, नळ मोठा सोडून, आवाज आत जाऊ नये म्हणून.

मास्तर उठल्यावर त्यांनी पावावर चीज घालून तव्यावर भाजून आणलं आणि उलटी पँट शेजारी ठेवली. मास्तरांनी पँटकडे पाहिलं, मग पावाकडे.

"रोज इतक्या हौसेने तो डबा उघडायचीस," ते म्हणाले. "मला सांगवेना."

"आठ दिवसांनी काट्यावर उभं राहायचंच होतं ना?"

"होतंच. तोवर तरी तुला बरं वाटावं."

काकूंनी पावाची ताटली त्यांच्यापुढे सरकवली. मग पँट उचलून म्हणाल्या, "ही आतली टीप वाकडी आलीय."

मास्तर ओशाळले. चाळीस वर्षांत त्यांच्या शिलाईला कुणी नाव ठेवलं नव्हतं. "सुई ओवता येत नाही आता. हात थरथरतो."

"मग मला हाक मारायची होती."

त्यांनी ती पँट मास्तरांना चढवायला लावली आणि कमरेत बोट घालून पाहिलं. आज दोन बोटं सहज जात होती. काकूंनी पँट उतरवून घेतली, सुईदोऱ्याचा डबा आणला, सुई ओवली, मागे गाठ मारली आणि त्यांच्या हातात दिली. मास्तर वाकडी टीप उसवून आणखी अर्धा इंच आत धरून शिवू लागले आणि काकू कापड ताणून धरून बसल्या. मध्येच थांबून मास्तरांनी तो गार झालेला पाव खाल्ला, सगळा, कडांसकट.